पॅडला बोट लावायचं नाही

फुलवंती कासदेकर सेमाडोहहून आली
तेव्हा तिची सायकल ओरडत होती.
घटांगच्या उतरणीपासून ओरडत आली म्हणे,
"वानरं झाडावर चढून पाहून राह्यले होते, दादा."

मी कॅलिपर उघडलं.
दोन्हीकडचा मसाला पार संपलेला,
पत्रा थेट डिस्कवर घासत होता.

परतवाड्यात तीस वर्षं पंक्चर काढतोय.
माझ्या लहानपणी ब्रेक म्हणजे
पायातली स्लीपर, मागच्या चाकावर टेकवलेली.
टाच कुठून झिजली ते पाहून
बाप सांगायचा, पोरगं कोणत्या उतारावर गेलं होतं.

काउंटरवर दोन पाकिटं ठेवली.

हा रेझिनचा.
मऊ असतो, पहिल्या दाबालाच धरतो,
चालताना घरात कोणी आहे की नाही कळत नाही असा.
पण घाटात दाबून धरला, धरूनच ठेवला,
की तापून वरून काचेसारखा होतो.
मग लिव्हर हँडलला लागते, तरी गाडी ऐकत नाही.
आणि श्रावणातला चिखल त्याला
साबणाच्या वडीसारखा खाऊन टाकतो.

हा धातूचा.
भुकटी दाबून भाजलेला, विटेच्या जातीचा.
सकाळी आळशी,
दोन वळणं तापला की कामाचा.
ओला झाला तरी धरतो. टिकतोही.
फक्त बोंबलतो.

"कितीक बोंबलते?"

सिपन्याच्या पुलावर दाबलास
तर नाक्यावरचा चौकीदार फाटक उघडायला उठेल.

"मंग थोच द्या.
मागच्या भादव्यात वळणावर अस्वल उभं होतं.
गाडीचा आवाज नाही, काही नाही.
थे माह्याकडे पाहे, मी त्याच्याकडे.
दोघंबी सारखेच भेलो."

मी धातूचं पाकीट फाडणार
तेवढ्यात मागच्या डिस्कवर बोटभर अक्षरं दिसली,
चष्मा लावून वाचली: फक्त रेझिन.
पोलाद मऊ आहे, धातूचा पॅड
सहा महिन्यांत ते खरवडून टाकेल.
कंपनीनं लिहून ठेवलेलं, वाचतं कोण.
तीस वर्षांत मीही किती वेळा नसेल वाचलं.

ती गप्प बसली. मी माळ्यावर चढलो.
अचलपूरच्या एका डॉक्टरनं विकलेल्या सायकलची
कडक डिस्क खिळ्याला टांगलेली होती.
ती पुढच्या चाकाला बसवली.
पुढे धातू, मागे रेझिन.
पुढचा बोलणारा, मागचा मुका.
"आमच्या घरी उलटं हाय," ती म्हणाली
आणि पहिल्यांदा हसली.

आता हात धुवायचे होते.
हबीब उस्तादांनी एकच मंत्र दिला होता:
अडलं की तेल घाल.
साखळीला, फ्रीव्हीलला, दुकानाच्या कडीला,
भांडून आलेल्या गिऱ्हाइकालाही ते चहाच्या आधी
काहीतरी गुळगुळीत बोलायचे.
आणि हा नखाएवढा तुकडा,
ज्याला तेलाचा वास लागला तरी मेला.

निरम्यानं धुतले. राखेनं धुतले.
पुन्हा निरम्यानं.
रेषांमधलं काळं तसंच राहिलं, ते आता माझंच.
शेवटी पेपरच्या कागदात धरून
कानाला पकडून आत सरकवले,
मेहुणीच्या बाळाला पहिल्यांदा उचललं होतं तसे.

"आता बाजार समितीच्या रस्त्यावर
वीस वेळा वेगात जा आणि हळू हो.
पूर्ण थांबू नको. पॅड आणि डिस्क
एकमेकाला ओळखले पाहिजेत आधी."
ती वीस वेळा गेली.
अकराव्या वेळी तुरीच्या पोत्यावर बसलेले हमाल
मोजायला लागले, मोठ्यानं.
चाळीस रुपये कमी होते. पुढच्या खेपेला म्हणाली.

रात्री आठला फोन आला, रेंज अर्धी.
"पोचली. पुढचा भल्ला बोंबलते, दादा, भल्ला…"
आणि लाइन गेली.

सकाळी शेतावरच्या पोराची साखळी कुरकुरत आली.
तेलाची कुपी उचलली,
आणि उगाच, दोन्ही हात
पँटला पुसत बसलो.