ओढ

बूट बाहेर काढ, तादेआश, बर्फ नको आत.
ती पेटी ठेव इथे, वर्तमानपत्रावर.
किती मोजलेस? बाराशे क्राउन?
वाढदिवसाचे सगळे. हं.
दुकानदार म्हणाला असेल, ताशी हजार लिटर.
खोटं नाही बोलला. हजारच ओढतो.
त्या हजारात तुझी पिल्लं होती, एवढंच.

उघड. रडायचं असेल तर आधी रड, मग उघड,
दोन्ही एकदम केलं की क्लिपा तुटतात.

हे करडे ठिपके, जाळीच्या घडीत.
पापणीच्या केसाएवढे. डोळे मात्र पुरे.
मोजू नकोस.
मी मोजले होते पहिल्या वेळी, चौऱ्याऐंशी साली,
एकशे सत्तरावर थांबलो,
कारण ब्लांका कॉफी घेऊन आली.
तिनेच आपला पायमोजा दिला, नायलॉनचा,
म्हणाली, याच्या तोंडावर बांध.
चार दिवसांत मोजा बुजला, मोटर तापली, पाणी आंबलं.
तिने दुसराही दिला.
एकट्या मोज्याचं ती काय करणार होती!

खाणीत मी हवेवर होतो. सातशे मीटर खाली,
पडदे, दारं, पंखे.
नव्या पोरांना वाटायचं, वारा जितका जास्त तितकं बरं.
जोरात सोडला तर धूळ उठते
आणि माणसाच्या छातीत घर करते.
मंद केला तर वायू साचतो, कोपऱ्यात, न बोलता.
मधलं कुठेतरी असतं. तेवढं शोधायचे
मला पगार देत होते.

थांब.
हा खोकला त्यातलाच. तू लक्ष देऊ नकोस.

हा घे.
पावाच्या तुकड्याएवढा, काळा, कुरूप स्पंज.
मधून नळी, नळीत हवा.
बुडबुडे वर जाताना पाण्याला सोबत नेतात,
बोट धरून.
ओढ हवीच, पोरा, ओढीवाचून पाणी मरतं.
पण ती हजार बारीक तोंडांत वाटून टाकायची,
म्हणजे कुठल्याच एका तोंडाला
कुणाला गिळण्याएवढं बळ उरत नाही.

नवा देत नाही. नव्यात कोणी राहायला आलेलं नसतं.
हा तीन वर्षं माझ्याकडे आहे,
माझी अर्धी टाकी याच्यात नांदते.
नळाखाली धुऊ नकोस, सगळे मरतील.
टाकीचंच पाणी बादलीत घे, दोनदा दाब, पुरे.
मळ राहिला तर राहू दे.
पिल्लं त्यावर चरतात,
बेस्किडीच्या उतारावर मेंढ्या चरतात तशी, माना खाली घालून.

आणि पंप वर ठेव, फळीवर, पाण्यापेक्षा उंच.
वीज गेली की पाणी नळीतून उलटं येतं.
सहाव्या मजल्यावरच्या व्लास्ताबाईंचं छत मी भिजवलंय.
अकरा वर्षं झाली, लिफ्टमध्ये अजून बटणांकडे बघतात.

हे यंत्र फेकू नकोस. त्याचा काय दोष?
पिल्लं बोटाएवढी झाली की त्यांनाच लाव.

कुठली पिल्लं म्हणतोस?
मादी अजून करवंटीभोवती फिरते ना?
पोट चेरीसारखं लाल?
मग घालेल पुन्हा. तीन आठवडे, चार.
माशांना आठवत नाही असं म्हणतात.
मला ठाऊक नाही, मी विचारलेलं नाही.

माझ्या पलंगाशीही आता एक यंत्र असतं,
डॉक्टरीणबाईंनी पाठवलेलं. त्याच्या बाटलीतही बुडबुडे.
दोघांचा आवाज एकसारखा.
पहाटे जाग आली की पडल्या पडल्या ऐकतो,
आणि काही वेळ कळत नाही
यातलं कुठलं माझं.

जा आता. स्पंज पिशवीत ओलाच ठेव,
कोटाच्या आत धर, अंगाशी,
बाहेर उणे नऊ आहे.
आणि जिन्यात पळू नकोस.
सांडेल.