खिडकी क्रमांक तीन

आडनाव?
भिकाजी.
ते वडिलांचं नाव झालं. आडनाव सांगा.
भिकाजीच, ती म्हणाली. केशिनी भिकाजी.
काचेखालून पासपोर्ट सरकवला,
मॉरिशसचा, स्पेलिंग भलतंच,
आणि मी चष्मा कपाळावर ढकलला.

कलिन्याच्या या खिडकीत एकोणीस वर्षं
परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासतोय.
येमेनचे, टांझानियाचे, ताजिकिस्तानचे.
माझं इंग्रजी मोडकं, त्यांचंही,
त्यामुळे काम भागतं.
ही मात्र म्हणाली,
"कृपया मला वसतिगृहाचा दाखला हवा आहे."
वसतिगृह!
मागे शिपाई तावडे फिसकन हसला.
तो शब्द आम्ही फक्त पाटीवर ठेवलाय,
तोही रंग उडालेला.

पुढचं तुकड्यातुकड्यांनी कळलं,
झेरॉक्स येईपर्यंत ती उभी असायची तेव्हा:
कुणी एक भिकाजी, गाव ठाऊक नाही,
रत्नागिरीकडचा असावा,
ऊस तोडायला बोटीत चढला.
उतरताना कारकुनाने नाव विचारलं,
नावच लिहून घेतलं.
मागाहून जन्मलेल्या सगळ्यांचं ते आडनाव झालं.
रांग मोठी असणार, मी मनात म्हटलं.
जेवणाची सुट्टी जवळ आलेली असणार.

ऑगस्टात चिडून आली.
कॅन्टीनवाला हिंदीत उत्तर देतो,
वर्गातल्या मुली इंग्रजीत.
"मी मराठी बोलले की सगळे गप्प होतात,
बाई वर्गात शिरल्यासारखे."
आणि पोलीस नोंदणीच्या फॉर्मवर
वरती ठळक: परकीय नागरिक.
"हे खोडू का?"
खोडाखोड केलेला अर्ज बाद होतो, मी म्हणालो.
खरंच होतो. नियम आहे तसा.
रात्री भात घशाखाली उतरेना.

विमानं इथे इतकी खाली येतात
की बोलणं मध्येच थांबवावं लागतं.
ती प्रत्येकाकडे मान वर करून बघायची,
शेपटीवरचा रंग ओळखायची.
गणपतीत हॉस्टेल रिकामं झालं
तेव्हा म्हणे गॅलरीत बसून मोजली एका दिवसात,
एकशे बारा.
तिकडेही गणपती समुद्रात सोडतात, आरती तीच.
घरी ये, असं मी म्हणायला हवं होतं.
तळणीचे चार मोदक नेले डब्यातून,
सुट्टी संपल्यावर, मऊ पडलेले.
तिने खिडकीशीच उभ्याने खाल्ले,
सांगितलं, आमच्याकडे अशी एक पोळी असते,
आत डाळ भरलेली, पण तिखट,
रस्त्यावर कागदात गुंडाळून देतात, लोणच्यासकट.
"पुरण आणि तिखट?" तावडे किंचाळला.
रांग हसली. कशाला, ते रांगेला ठाऊक नव्हतं.

मग बरेच दिवस आली नाही.
काम नसताना
कोण येतं या खिडकीवर.

काल आली. परीक्षेचे फॉर्म सुटलेत.
एका कानात वायर, हातात कटिंग,
सोबत दोघीजणी, एक तिला ओढतेय, चल ना केशू.
डोक्यावरून विमान गेलं.
तिने मान वर केली नाही,
आवाज चढवला फक्त:
"काका, बोनाफाईड आज भेटेल का?"

भेटेल!
माझ्या पोरीला मी रोज टोकतो,
माणसं भेटतात गं, कागद मिळतात.
अगदी ओठांवर आलं होतं.
शिक्का उचलला, शाईत दाबला.
"भेटेल," म्हणालो,
"चारनंतर ये."