खर्जाची खरेदी

पॉलिसी पिकली आणि मी कॅम्पात गेलो.
होमियारने दोन्ही बास गिटार काउंटरवर आडवे ठेवले,
सोनार पाटल्या मांडतो तसे.

एक मेपलचा, पाच तारांचा,
मांडीवर मांजर बसावं इतपत वजनाचा,
बोट टेकायच्या आत बोलणारा,
प्रत्येक स्वर इस्त्री करून हातात देणारा.
दुसरा अ‍ॅशचा. चारच तारा, धड जड.
आधी थोडा विचार करतो,
मग ‘हं’ म्हणतो.

किंमत जवळपास सारखीच.
घरी फोनवर सांगताना
लाख हा शब्द मी रिक्षात गिळला.

“चांगला कोणता ते विचारू नका,” होमियार म्हणाला,
“तुमचा कोणता, तेवढंच सांगा.”

एकतीस वर्षं ऑर्केस्ट्रात,
ड्रम आणि मागचा पडदा यांच्यामधल्या
दीड फुटात उभा राहिलो.
वाजवला तो मालकाचा,
त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर,
भाड्याच्या खुर्च्यांना असतो तसा.
माझा कोणता?

“दोन्ही न्या. सोमवारी एक परत आणा.”

शनिवारी रात्री सहकारनगरात मेपल वाजवला.
रविवारी अ‍ॅश.
अ‍ॅम्पचं तोंड भिंतीकडे, आवाज दोनवर.
साडेनवाला ताम्हनकरबाई वर आल्या.
खालच्या मजल्यावर राहून त्यांनी माझी सगळी गाणी
शब्दांशिवाय, चालीशिवाय ऐकली आहेत,
स्लॅबमधून झिरपतात तेवढीच.

“कालचा बरा होता,” म्हणाल्या,
“काल मला झोप लागली.
आजच्याने लोणच्याची बरणी बोलते.
फळीवर सरकलीसुद्धा, बोटभर.”

दार लावलं.
खांदा दुखतो हे माहीत असून
तो जड तुकडा परत गळ्यात घातला,
त्याचं शिंग बरगडीला टेकवलं,
सगळ्यांत जाड तार एकदाच सोडली
आणि थांबलो.
खालचं काही ऐकू येत नव्हतं अर्थात.
तरी थांबलो, तार पुरती निजेपर्यंत.

सोमवारी मेपल परत केला.
होमियारने कारण विचारलं नाही, पावती फाडली.

जिन्यात ताम्हनकरबाई भेटल्या.
“आवड तुमची,” म्हणाल्या,
‘आवड’वर जरा जास्तच जोर देऊन.

बरणी त्यांनी आता जमिनीवर ठेवली आहे,
खाली गोणपाट घालून.
दूधवाल्याकडून कळलं.