माने, ब्राइमा

वास्कोत, बंदराच्या फाटकासमोरच्या बोळात
मी पेट्या दुरुस्त करतो. तंबोरेही, आलेच तर.
खनिजाची तांबडी धूळ सुरांच्या पितळी जिभांवर बसते,
ती फुंकण्यात निम्मं आयुष्य गेलं.

मार्चात एक उंच माणूस आला.
चादरीत गुंडाळलेली गिटार, घोडी उखडलेली.
पावतीसाठी नाव विचारलं. ब्राइमा माने, म्हणाला.
माने? साताऱ्याकडचे का?
त्याला कळलं नाही, पण मी हसलो म्हणून तोही हसला.
गिनी-बिसाव, म्हणाला,
आणि काउंटरच्या काचेवर, त्या धुळीतच,
आफ्रिकेचा पश्चिमेकडचा फुगवटा बोटाने काढला.

सरस तापेपर्यंत इनास टपकला, रोजच्यासारखा,
चहा प्यायला आणि माझं काम बिघडवायला.
त्याला शाळेतलं पोर्तुगीज अजून येतं,
ब्राइमाला त्याच्या शाळेतलं.
एकाच मास्तराच्या छड्या
दोन किनाऱ्यांवर खाल्लेली माणसं.

घोडी बसली, तारा चढल्या. मी खूश:
ऐका, एकही तार झणझणत नाही.
त्याने ऐकलं. नको, म्हणाला.
खिशातून सार्डिनच्या डब्याचा पत्रा काढला,
कडेला भोकं, भोकांत बारीक कड्या,
आणि खुणेने सांगितलं, इथे बसव, घोडीपाशी.
चाळीस वर्षं लोक म्हणतात झणझण काढा.
घाला म्हणणारा हा पहिला.
मला तंबोऱ्याची जवारी आठवली,
तारेखाली सरकवायचा तो सुताचा धागा.
असं होय. मग आधी नाही का सांगायचं.

त्याचा आजा भोपळ्यावर कातडं ताणून
एकवीस तारा लावायचा.
हा त्या एकवीस, सहांत कोंबतो.
अंगठा रात्रपाळीच्या गुरख्यासारखा
त्याच फेऱ्या घालत राहिला,
वरची बोटं मात्र गल्लीत जाऊन भांडून परत येत होती.

इनासचा चहा निवला.
त्याने खिशातून फेणीच्या बाटलीची कापलेली मान काढली,
करंगळीत घातली, भिंतीवरची माझी जुनी गिटार उतरवली
आणि त्या अंगठ्यावर आपला ब्लूज टेकवला.
ओअरच्या बोटीवर होता तेव्हा
न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावर, एका गोदामाच्या रखवालदाराकडून
तीन आठवड्यांत शिकलेला.

आणि गंधार लागला.
कोमल नव्हे, शुद्ध नव्हे,
दोन खोल्यांमधल्या उंबऱ्यावर उभा.
दोघांचाही तिथेच.
माझ्या पेटीत तो नाही.
मी आतून पाहिल्यात सगळ्या पेट्या, नाही.

"हें म्हजें न्हय रे पुरसो? हाका खंय मेळ्ळें?"
इनास मला विचारतो. आणि ब्राइमा त्याला,
त्या छडीच्या भाषेत, बहुधा तेच.
मी बोटीतून आणलं, इनास सांगतो.
आमचं बोटीतून नेलं, ब्राइमा सांगतो.

मग कुणी काही बोललं नाही.
बाहेर ट्रक मागे येत होता, पीं पीं करत.
माझ्या आजोळी देवळाच्या आवाराबाहेर
एक काळा दगड आहे. खाप्री म्हणतात त्याला,
विडी ठेवतात, नवस बोलतात.
तो कुठल्या बोटीतून उतरला
हे मी आजवर कुणाला विचारलं नव्हतं.
तिथेही उंबऱ्याच्या बाहेरच.

थोरला कोण, धाकटा कोण,
चुलत की सख्खे, मी काय ठरवणार.
आडनावावरून तर तो माझ्या मेहुण्याच्या भावकीतला.

बोगमाळोच्या हॉटेलात तीन आठवडे वाजवून तो गेला.
इनास अजून येतो, चहा निववतो.
पावतीपुस्तकात स्थळप्रत उरली आहे:
माने, ब्राइमा. घोडी बसवणे, दोनशे.
सरस, तीस.
झणझण घालणे,
आणि पुढची जागा कोरी.
काय लावायचं त्याचं, सुचेना.