मदनझांपा रोडवरची पेटी

मदनझांपा रोडवर, मे महिन्यात, दुपारी तीनला
हत्यारांच्या सगळ्या पेट्या लाल असतात.
पाच खणांची, सात खणांची, चाकांवरची.
एक तर माझ्या खांद्याला लागत होती.
किंमत ऐकून तिला मनातल्या मनात नमस्कार केला
आणि पुढे सरकले.

"भाई माटे जोईए छे, बेन?"
"ना, मारे माटे ज."
दुकानदाराने पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.

एकतीस वर्षं पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपात
जाळीच्या खिडकीमागे बसून मी हत्यारं दिली.
नाव, रोल नंबर, वस्तू, वेळ, सही.
मागच्या फळीवर प्रत्येक पान्याची काळी सावली रंगवलेली.
संध्याकाळी एखादी सावली नुसतीच दिसली
की पोटात खड्डा पडायचा.
दहा नंबरचा पाना सगळ्यात जास्त पळे.
पोरं म्हणत, शिर्केबाई, डिस्मिस द्या.
बडोद्यात स्क्रू-ड्रायव्हरला डिस्मिसच म्हणतात.
मी विचारी, देऊ की करू?
प्रत्येक बॅचला हाच विनोद,
आणि प्रत्येक बॅच हसली, देव त्यांचं भलं करो.

घरी मात्र
पक्कड श्रीखंडाच्या डब्यात,
कानशी जुन्या पायमोज्यात,
ड्रिलची पाती चष्म्याच्या घरात.
गाडी विकून दोन वर्षं झाली.
गॅरेजमध्ये तेलाचा एक डाग आहे, बाकी जागाच जागा,
आणि पर्समध्ये पेन्शनचे साडेचार हजार.

म्हणून घाई केली नाही.
पहिलीच्या कुशीवर अंगठा दाबला:
पत्रा टबक्कन आत, टबक्कन बाहेर.
दुसरीचा खण पूर्ण ओढला, त्यात पर्स ठेवली,
पर्सवर त्याच्याच दुकानातला पाच किलोचा घण.
खणाने मान खाली घातली.
तिसरीचं कुलूप देखणं,
पण शेजारच्या पेटीची किल्ली त्याला बिनबोभाट लागली.
"चोरने क्यां खबर छे, बेन?"
म्हटलं, मला झाली ना.

मग मागे, रंगाच्या डब्यांआड, एक राखाडी.
चार खण. छऱ्यांवर सरकणाऱ्या पट्ट्या.
टेम्पोतून उतरवताना डाव्या कोपऱ्याला पोचा आलेला,
तेव्हापासून तिच्यावर बिलबुकं ठेवत होते.
खण ओढला. पर्स. घण.
हलला नाही.
लोटला तर गेला आत,
तासाला उशिरा आलेल्या पोरासारखा, आवाज न करता.

पाच हजार दोनशे.
पोच्याचे?
पोच्याचे पाचशे कमी.
पोचा ठोकणार कोण? मी. हातोडी कोणाची? माझी.
मग मजुरीही माझीच धरा.
तो हसला, घाम पुसला, कॅल्क्युलेटर उगाच बडवला.
चार हजार तीनशे.
उरलेल्या दोनशेत कारेलीबागपर्यंत रिक्षा,
पेटी सीटवर, मी तिच्याकडेला, अंग चोरून.

रात्री अकरापर्यंत लावत बसले.
वरच्या खणात पाने, सहापासून बावीसपर्यंत.
जुना पुठ्ठा कापून तळाशी घातला
आणि स्केचपेनने प्रत्येकाची सावली काढली.
दहा नंबरची सावलीही काढली.
पाना नाहीये. माझाही पळालाय, कधीचा, कोण जाणे.

पोचा अजून ठोकलेला नाही.
झाकण उघडताना तळहात तिथे बरोबर बसतो.

काल पारिखांचा मयंक आला, सायकलची चेन निघाली म्हणून.
मावशी, पक्कड आहे?
दुसरा खण, उजवीकडे. हात आपोआप गेला.
दुसरा हात मात्र
टेबलावर नसलेली वही चाचपत राहिला.
घेऊन जा रे, म्हटलं.
तो फाटकापर्यंत पोचला असेल नसेल,
माझ्या तोंडून निघालंच:
पाचच्या आत!