दोन स्टॉप

वागळे इस्टेटच्या प्रेसशॉपमध्ये एकतीस वर्षं
पत्र्यावर ठोका पडत राहिला
आणि कानांतून एकेक पाखरू उठून गेलं.
आधी शिंजीर. मग सुभग. मग फुलटोच्या,
जो मला धड ओळखताही येत नव्हता.
सिव्हिलमधल्या मुलीनं कागद दाखवला :
रेघ बरी चाललेली, चार हजारपाशी
कड्यावरून पाय घसरल्यासारखी.
"बोलणं कळेल, काका. बारीक आवाज तेवढे जातील."

बारीकच तर होते सगळे.

व्हीआरएसच्या पैशातून लेन्स घेतली,
नौपाड्यातल्या दस्तुरे फोटोवाल्याची, जुनी, तीनशेची,
लग्नात तिचा उपयोग नाही म्हणून पडून होती.
वर एक टेलिकन्व्हर्टर, दुपटीचा, बिस्किटपुड्याएवढा.
दस्तुरे म्हणाला, हा तीनशेचे सहाशे करतो,
फुकट नाही करत.
पक्षी दुप्पट जवळ येतो,
रुपयाचा उजेड चार आण्यांवर येतो.
मी हिशेबाचा माणूस. सौदा पटला.

मे महिना. येऊर. पाड्याखालचा ओढा,
पाणी आटून नुसते गोटे.
बांबूत सकाळी आठलाही संध्याकाळ.
एवढ्या अंधारात कॅमेरा स्वतःहून फोकस धरत नाही,
कडं हातानं फिरवायचं,
डाय बसवताना सरकवायचो तसं, केसभर.

येशी वरठा पुढे. ती फाट्यांना आलेली, मी पाखरांना.
पहिल्या दिवशी तिनंच विचारलं होतं,
"बाबा, तो तुमच्या मागं ओरडतोय, तुम्ही पुढं काय बघता?"
तेव्हापासून ती हनुवटीनं दाखवते.
वर. डावीकडं. नाय, त्या कुजक्या खोडाच्या मागं.
तिच्या हनुवटीच्या रेषेत मी नळी धरतो
आणि ऐकू न येणारं शोधतो.

शामा.
काळा, तेल लावल्यासारखा, पोट विटकरी,
शेपूट अंगाहून लांब, सारखी वर उडणारी.
चोच उघडली.
मी श्वास धरला. सेकंदाचा साठावा भाग.
हललं. पुन्हा. पुन्हा हललं.
एकोणीस फ्रेम, त्यातली एक बरी,
रव्यासारखी दाणेदार,
पण चोच उघडी, आणि चोचीच्या आत
टाचणीच्या डोक्याएवढा अंधार :
गाणं निघतं ती जागा.
डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.
पडदा येशीपुढं धरला. "बघ. गातोय."

ती बघत राहिली. मग हसली.
"हा कुठला गातो? शिव्या देतोय.
कधीचं चाललंय त्याचं, च्यक च्यक च्यक.
त्या खोडात पोरं हायेत त्याची.
जा म्हणतोय तुम्हाला."

एकोणीस वेळा तो जा म्हणाला.
एकोणीस वेळा मी वाहवा म्हटलं.

शेजारच्या प्रेसवरचा लोबो गायचा.
त्या दिवशीही तोंड उघडं दिसलं.
मी मान डोलावली, खूणही केली, छान.
बोटांचं नंतर कळलं.

मागे सरकलो. गोट्यांवरून, बसल्या बसल्या,
पंधरा हात, मग अजून दहा.
कन्व्हर्टर काढून खिशात टाकला.
पुन्हा डोळा लावला : शामा केवढासा,
बांबूच्या वाळक्या पानाएवढा, कुणाचाही,
आणि त्याच्या भोवती ओढा, खोड, वेल, मुंग्यांची वाट,
सगळ्यावर उजेड, सोळा आणे.
तोंडात काहीतरी घेऊन तो खोडात शिरला.
काय होतं ते दिसलं नाही.
शटर दाबायचं राहिलं.

येशी मोळीला वेल गुंडाळत होती.
मी विचारलं, "आता काय म्हणतोय?"
तिनं कान दिला. बराच वेळ.
"आता काय नाय. गप आहे."

तेवढं मलाही ऐकू येत होतं.