बाकाचं तेलपाणी

कोलशेतच्या खाडीवरून वारा येतो
आणि आमच्या गेटापाशी
सागाच्या बाकावरून
मिठाचा हात फिरवून जातो.

पाच वर्षांपूर्वीची सर्वसाधारण सभा, विषय क्रमांक सात.
सेक्रेटरी म्हणाले, बाक चकाकला पाहिजे.
दुकानदाराने डबा उचलून दाखवला होता त्यांना:
एकदा मारा, दहा वर्षं विसरा.
विसरायला कोणाला नको असतं?
ठराव एकमताने मंजूर.
खजिनदार मी. चेकवर सही माझीच.

पहिल्या वर्षी बाक आरसा झाला,
पोरं त्यात तोंडं वेडावून बघायची.
दुसऱ्या वैशाखात पायाशी केसाएवढी भेग गेली.
भाद्रपदापर्यंत तेवढ्याशा वाटेने
पाणी आत शिरलं ते राहायलाच.
वरून काच, आतून काळं.
मग पापुद्रे सुटायला लागले,
विहिरीवर दिवसभर डुंबलेल्या पोराच्या पाठीसारखे.

बाळकुमहून सायकलवर विश्राम मेस्त्री आले.
नखाने एक पापुद्रा उचलला, उन्हाकडे धरला.
"लाकडाला रेनकोट घातलात, बाई.
आतल्या घामाचं काय?"

चार दिवस घासकाम.
आधी ऐंशीचा कागद, मग एकशेवीसचा,
शेवटी हाताला पिठासारखा लागेल इतका बारीक.
मीही बसले एका टोकाला.
"रेषेबरोबर जा. आडव्या गेलात
तर ओरखडे आज दिसणार नाहीत,
तेल लावलं की दिसतील."
तिसऱ्या दिवशी सागाचा वास आला,
कडवट, चामड्यासारखा,
इतकी वर्षं कुठे होता कोण जाणे.

पाठीच्या वरच्या फळीवर, डावीकडे,
तळहाताएवढी एक जागा मेस्त्रींनी घासलीच नाही.
तिथे चकाकी कधीच झिजून गेलेली,
पण लाकूड तपकिरी, गुळगुळीत,
ना भेग, ना बुरशी.
"इथे काय लावलं होतंत?"
कुणी काहीच लावलं नव्हतं.
त्यांनी अंगठा घासला, हुंगला.
"खोबरेल. त्यात माका."

रात्री आठला लक्षा वारघडे ड्यूटीवर आला,
डबा ठेवला, काठी टेकवली, बसला,
आणि त्याचं डोकं
मोजून मापून तिथेच टेकलं.
अकरा वर्षांच्या रात्री.

सेक्रेटरींना हे कळलं असतं
तर त्यांनी याला पुरावा म्हटलं असतं.
मी इतिवृत्तात एवढंच लिहिलं:
बाकाला तेल लावण्याचे ठरले.

"मग खोबरेलच लावू या का?"
मेस्त्री हसले. "ते सुकत नाही, बाई. चिकटेल, धूळ धरेल.
उकळलेलं जवसाचं घ्या, थोडं टर्पेंटाइन.
पातळ हात द्या, पाव तासाने जास्तीचं पुसा.
फळीच्या कापलेल्या टोकांना मात्र दोनदा पाजा,
तिथूनच तहान लागते त्याला.
आणि हे डोक्याचं तेलाचं काम नाही,
रोजचं आहे."

आता दर दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की,
मी बाकावर पाण्याचा थेंब सोडते.
मोती होऊन उभा राहिला तर राहू देते.
पसरून मुरला तर डबा काढते.
सेक्रेटरी जाता जाता विचारतात, "पुन्हा?"
"पुन्हा."
जिथे तेल चुकतं तिथे उन्हाने लाकूड रुपेरी होतं,
तेही वाईट दिसत नाही,
पण हे मी सभेत बोलत नाही.
डावीकडची ती जागा मी सोडते.
तिचा माणूस आहे.

तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकायच्या नाहीत.
सुकताना तेल तापतं,
ढिगात आपोआप पेटतं, मेस्त्रींनी दोनदा बजावलंय.
म्हणून संध्याकाळी गेटाच्या जाळीवर
एकेक सुटी वाळत घालते.

पहाटे दूध घ्यायला उतरते तेव्हा
लक्षा जाळीपाशी उभा असतो.
"सात आहेत, मॅडम. तीनदा हात लावून बघितला.
एकही तापली नाही."